दार न उघडता कळलं पाहिजे, कोणत्या देवाचा माणूस आलाय

तुझा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या विजयनगरला तुमचा सहा जणांचा गट दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकतात. जग तू स्वतः रचलंस. त्यात चार देव आहेत: मृत्यूचा देव, वादळाची देवी, धान्याची देवी आणि चोरांचा देव. दोन खेळाडूंनी पुजारी घेतलेत, बाकीच्या दोन देवांचे पुजारी तू चालवतेस. आणि तरी, तुझ्याच शब्दांत, "ताई, नाव झाकलं तर कोण कोणाचा ते ओळखूच येत नाही. सगळेच चिलखत घालतात, गदा फिरवतात आणि जखमा भरतात."

मी इंदूरला गेली सोळा वर्षं हे खेळ चालवते आहे, आणि माझ्या पहिल्या कँपेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकी चाललेल्या कथेत, नेमकं हेच झालं होतं. पाच देव होते आणि पाच रंगांचे झगे होते. तिसऱ्या सेशननंतर खेळाडूंनी देवांची नावं घेणंच सोडलं. सगळे त्याला नुसतं "हीलर" म्हणू लागले. मी देवांच्या वंशावळी लिहिण्यात दोन महिने घातले होते, आणि त्यातलं एक वाक्यही टेबलावर कधी आलं नाही. चूक कुठे होती ते कळायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

देवाकडे कोणती शक्ती आहे, इथून सुरुवात करू नकोस. तो देव आपल्या माणसाकडून रोज काय करून घेतो, त्याला काय करू देत नाही, आणि लोक त्याच्या माणसाकडे कोणत्या वेळी धावतात, हे आधी ठरव. शक्ती सगळ्यात शेवटी.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही. आजोळ सातारा जिल्ह्यातलं. सुटीत तिथं गेलं की पहाटे चिपळ्या आणि टाळ वाजायचे. आजी चुलीपुढून न उठता म्हणायची, "वासुदेव आलाय, सुपातलं दे." मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, तोंडाने "दान पावलं" आणि देवदेवतांची नावं. दुपारी कधी घुमणाऱ्या वाद्याचा गंभीर आवाज आणि त्यात आसुडाचा कडाका ऐकू आला की आम्ही पोरं आत पळायचो: मरीआईचा पोतराज. केस मोकळे, कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरं, सोबत देवीचा देव्हारा डोक्यावर घेतलेली त्याची बायको. आणि कुणाच्या लग्नानंतर रात्री संबळ आणि तुणतुणं ऐकू आलं, दिवटी पेटली, की गोंधळी आले. आजीने यातल्या कुणाला ओळखायला दार उघडलेलं मी पाहिलं नाही. वेळ, आवाज, आणि घरातून काय द्यायचं, एवढ्यावर तिला कळायचं.

तुझ्या चारही पुजाऱ्यांना हीच कसोटी लाव. दार बंद आहे. बाहेर कोण आहे ते खेळाडूंना कळतं का?

आता तुझे सगळे पुजारी एकसारखे का झाले, तेही सांगते, कारण दोष पूर्ण तुझा नाही. १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे पुजारी. क्लेरिकचा जन्म त्याआधी, या खेळाचा एक जनक डेव्ह आर्नेसन याच्या ब्लॅकमूर कँपेनमध्ये झाला. तिथे एक व्हॅम्पायर डोईजड झाला होता, त्याला आवर घालणारा कुणीतरी हवा होता. म्हणजे क्लेरिक मुळात पिशाच्च पिटाळणारा शिकारी आहे, त्याच्यावर मध्ययुगीन युरोपातल्या लढाऊ पाद्र्याचं चिलखत चढवलंय. धारदार शस्त्र धरायचं नाही, म्हणून गदा. हा एका विशिष्ट धर्माचा, एका विशिष्ट काळाचा माणूस आहे. आपण त्याच्या गळ्यातलं चिन्ह बदलतो आणि म्हणतो, हा वादळदेवीचा पुजारी. बदल गळ्यापुरताच होतो.

खेळ रचणाऱ्यांनाही हे खटकलं होतंच. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक देवाचा वेगळा पुजारी करायची सोय आली. स्पेलचे, म्हणजे जादूच्या मंत्रांचे, गट पाडले होते, त्यांना स्फिअर म्हणत. काही गट पूर्ण खुले, काही तिसऱ्या पातळीपर्यंतच, बाकीचे बंद. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत डोमेन, म्हणजे देवांची कार्यक्षेत्रं, आले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात सात डोमेन आहेत. पण एक गोष्ट नीट बघ: पाचव्या आवृत्तीत कोणत्याही देवाचा क्लेरिक रोज सकाळी क्लेरिकच्या अख्ख्या यादीतून हवे ते स्पेल तयार करू शकतो. डोमेनमुळे त्यात फक्त दहा स्पेलची भर पडते. यादी सामायिक, भर दहाची. मग दोन पुजारी वेगळे वाटणार कसे? शहाणा खेळाडू जे सगळ्यात उपयोगी तेच रोज निवडणार, आणि सगळ्यात उपयोगी काय ते दोघांनाही सारखंच ठाऊक.

म्हणून पहिलं यांत्रिक काम: यादीला कात्री. प्रत्येक देवासाठी क्लेरिकच्या यादीतले पंधराएक स्पेल लाल शाईने खोड. त्या बदल्यात जादूगाराच्या किंवा ड्रुइडच्या (निसर्गपूजकाच्या) यादीतले पाच-सहा दे. खोडताना हात आखडू नकोस. खेळाडूला आधी बसवून सांग, त्याची संमती घे, आणि कुणाकडे काय नाही ते टेबलावरच्या सगळ्यांना कळू दे. पुजाऱ्याचं वेगळेपण त्याच्याकडे काय आहे यापेक्षा त्याला काय मागता येत नाही यातून जास्त जाणवतं.

रुनक्वेस्ट हा खेळ १९७८ सालचा, ग्रेग स्टॅफर्डने रचलेल्या ग्लोरांथा या जगात घडणारा. त्याने मुळातच दुसरी वाट धरली. तिथे पंथ आधी येतो, शक्ती मागाहून. चालना अरॉयच्या वैद्यांनी कुणालाही इजा न करण्याची शपथ घेतलेली असते. हुमाक्त हा मृत्यूचा आणि तलवारीचा देव. त्याचे लोक मेल्यावर परत उठवून घेत नाहीत. आणि लँकोर म्ही या ज्ञानदेवाच्या पंडितांना दाढी लागतेच, बाई असेल तर ती खोटी दाढी लावते. या खोट्या दाढीवर मी बराच विचार केला आहे. तिने कुठलाही फासा बदलत नाही. पण ती बाई दारात उभी राहिली की ती कोण, कुठल्या देवाची, आणि त्या पंथाचं परंपरेशी नातं कसं आहे, हे सगळं एका क्षणात कळतं. तुझ्या प्रत्येक पंथाला अशी एक दाढी शोध.

रोजचं काम म्हणजे काय, हे बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. उज्जैन पंचावन्न किलोमीटरवर आहे. एक दिवस काढ आणि तीन देवळं कर. महाकालाची भस्मारती पहाटे चारला सुरू होते. भस्म चढताना बायकांना पदर तोंडावर ओढून घ्यायला सांगतात. तिथून कालभैरवाला जा. नैवेद्य दारूचा, पुजारी ती बशीत ओतून मूर्तीच्या ओठांना लावतो, उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत देतो. मग मंगळनाथ. तिथे भाताची पूजा, आणि रांगेत बहुतेक पत्रिकेत मंगळ असलेली, लग्न अडलेली घरं. एकाच गावात तीन पुजारी. तिघांची उठायची वेळ वेगळी, हाताला येणारा वास वेगळा, समोर येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची काळजी वेगळी. यातल्या एकाच्याही डोमेनचं नाव मला सांगावं लागलं नाही, तरी ते तुझ्या डोळ्यांसमोर वेगवेगळे उभे राहिले असतील.

महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्यात आजही रोज सकाळी ब्राह्मण बसून मातीची इवली इवली शिवलिंगं हजारोंनी करतात, पूजा होते आणि ती नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं की ज्या माणसाने तीस वर्षं हे केलंय त्याची बोटं कशी असतील, केलेलं वाहून जाण्याबद्दल त्याला काय वाटत असेल, आणि त्याच्यापुढे कुणी "माझं सगळं गेलं" म्हणून रडलं तर तो काय बोलेल. कॅरेक्टर इथे तयार होतं. माझे आजोबा इंदुरात भिक्षुकी करायचे. त्यांच्या पिशवीत पळी, पंचपात्र, ताम्हन, दर्भ, सुपाऱ्या आणि एक छोटी कात्री असायची. ती कात्री कशाला, असं मी विचारलं होतं. "यजमानाकडे कधीच नसते," म्हणाले. तीस-चाळीस वर्षं लोकांच्या घरी गेलेल्या माणसाची ती कात्री आहे. तुझ्या खेळाडूला विचार: तुझ्या पुजाऱ्याच्या झोळीत अशी कोणती वस्तू आहे, जी पोथीत सांगितलेली नाही पण अनुभवाने ठेवलीय?

आता तुझे चार देव. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, कारण दोघांत खूप दडलंय आणि दोघांचं काम थोडक्यात होतं.

वादळाची देवी. तुझ्या टिपणात तिचा पुजारी वीज फेकतो. वीज तर कुणीही जादूगार फेकतो! मला इथे गारपगारी आठवतो. माझं सासर विदर्भातलं. तिकडे पूर्वी गावोगाव गारपगारी असायचा. गारांचे ढग आले की पीक वाचवण्यासाठी मंत्र-तोडगे करून गार वळवणं हे त्याचं काम. त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. सासूबाई सांगतात, गार पडलीच तर बोलही त्यालाच लागायचा. किती मोठी गोष्ट आहे बघ ही. या माणसाला देवी प्रिय आहे की तो तिला घाबरतो? तो तिला बोलावत नाही, तिला वाट बदलायची विनवणी करतो. सगळं गाव घरात शिरतं तेव्हा हा एकटा बांधावर उभा राहतो.

मी हा पुजारी एका खेळाडूला दिला होता. नियम असे केले. एक, मेघगर्जना चालू असताना ती पुजारीण छपराखाली जाऊ शकत नाही. दोन, तिला वीज पाडता येत नाही, पण सोबत्यावर आलेला घाव ती रिअॅक्शन (दुसऱ्याच्या चालीत करता येणारी झटपट कृती) वापरून वळवू शकते: अर्धं नुकसान ३० फुटांच्या आतल्या दुसऱ्या कुणावर तरी जातं. कुणावर ते ती निवडते. हवेत सोडून देता येत नाही. कुणावर तरी जायलाच हवं. शत्रू ३० फुटांत असला तर प्रश्न नाही, पण तो लांबून बाण मारत असेल तर आसपास फक्त आपलेच असतात. आठ-नऊ सेशन हा नियम लढाईत छान चालला. मग मी एका गावावर गारांचा ढग आणला. ती बांधावर उभी राहिली, फासे चांगले पडले, गार वळली, गावाने तिला खांद्यावर घेतलं. दोन सेशननंतर गट शेजारच्या गावात पोचला. गहू आडवा झालेला. एका म्हातारीने एवढंच विचारलं, "त्या रात्री तिकडच्या बांधावर कोण होतं?" टेबलावर कुणी बोललं नाही. त्या खेळाडूने पुढचं अख्खं वर्ष त्या गावाचं देणं फेडण्यात घालवलं, आणि त्यातलं काहीही मी आधी लिहून ठेवलं नव्हतं.

मृत्यूचा देव. काळा झगा, कवटी आणि घोगरा आवाज एवढं टाळलंस तर अर्धं काम झालं. मी त्याला हिशेबनीस करते. तो काठी तीनदा आपटतो आणि थांबतो, दार उघडेपर्यंत चौथ्यांदा आपटत नाही. घाई त्याला माहीतच नाही. जवळ वही आहे, मेलेल्याचं नाव तीत लिहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "लिहून घेतलं." नाव कळेपर्यंत प्रेत सोडून जायचं नाही, मग ते शत्रूचं का असेना. हे बंधन टेबलावर काय करतं ते बघ: गॉब्लिन मागे लागलेत, सगळे पळताहेत, आणि हा मेलेल्या गॉब्लिनपाशी बसून त्याचं नाव काय असेल याचा शोध घेतोय. गटाला दर वेळी निर्णय घ्यावा लागतो. पाच-सहा सेशनमध्ये गटातला लढवय्याच शत्रूला मारण्याआधी नाव विचारायला लागतो. माझ्याकडे दोनदा असं झालंय, दोन वेगळ्या गटांत.

भूतप्रेतं त्याला पापी वाटत नाहीत. ती त्याच्या लेखी अर्धवट राहिलेलं काम आहे. त्यामुळे टर्न अनडेड, म्हणजे भुतं पिटाळणं, तो चिन्ह रोखून करत नाही. तो वही उघडतो आणि त्यांना नाव विचारतो. आकडे तेच ठेव, फक्त प्रसंग बदल. त्याच्या यादीतून मेलेल्याला उठवणारे सगळे स्पेल काढून टाक, रिव्हिव्हिफायसकट. हे ऐकून खेळाडू नाराज होईल. त्याला बदल्यात असं काही दे जे दुसऱ्या कुणाकडे नाही: तो शेजारी बसलेला असताना मरणाच्या दारातल्या माणसाची डेथ सेव्हची (तो तगतो की मरतो ते ठरवणाऱ्या फाशाची) पहिली फसलेली फेक मोजली जात नाही. ज्याचं नाव अजून लिहिलेलं नाही त्याला देव जरा थांबून बघतो, असं कारण. आणि नाव लिहिलेल्या मृताला एक प्रश्न विचारता येईल. एकच.

धान्याच्या देवीची बाई कोठाराच्या किल्ल्या कमरेला लावून चालते, त्या किल्ल्यांचा आवाज हीच तिची ओळख. तिला लढाईत जखमा भरता येत नाहीत. तिचं सगळं बरं करणं ताटावर: दहा मिनिटं लागणारी प्रेअर ऑफ हीलिंग तिला आहे, लढाईतच झटकन जखम भरणारा क्युअर वूंड्स नाही. स्वतः शेवटी जेवते. समोर भुकेला असेल तर कैद्यालाही आधी वाढते. एवढ्याने ती उभी राहते. गोड, मऊ माता मात्र करू नकोस. दुष्काळात कुणाला किती पायल्या द्यायच्या हे ठरवणारी बाई कठोरच असेल.

चोरांचा देव. याला देऊळ नको, वेष नको, आवाजही नको. दार उघडावं तर बाहेर कुणी नाही, उंबऱ्यावर काहीतरी ठेवलेलं. सूर्य मावळेपर्यंत झोळी रिकामी झाली पाहिजे, हा त्याचा एकच नियम, आणि तो कडक पाळ. मग जादूची तलवार सापडली तरी ती रात्री त्याच्याकडे राहू शकत नाही. खेळाडू सुरुवातीला ती सोबत्याच्या हाती देईल आणि सकाळी परत घेईल. दोन वेळा चालू दे, तिसऱ्यांदा देवाला कळू दे.

आता देवाशी बोलण्याबद्दल, कारण इथे सगळे गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, घसरतात. खेळाडू डिव्हिनेशनसारखा, देवाला प्रश्न विचारायचा स्पेल टाकतो, मास्टर घोगऱ्या आवाजात उत्तर देतो. जणू फोन लागला. चारही देवांचा फोन सारखाच लागत असेल तर पुजारी वेगळे करून उपयोग काय? कोकणात देवळात कौल लावतात ते ऐकलं असशील. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते यावर होकार-नकार. उजवी पडली तर बरं. कधी कधी काहीच पडत नाही, सगळे तिष्ठत बसतात, गुरव पुन्हा विनवतो. ते न पडणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वीस पैलूंचा फासा घे: १३ ते २० उजवी, ६ ते १२ डावी, ५ आणि त्याखाली पाकळी पडलीच नाही. पडली नाही तर काहीतरी कबूल करून पुन्हा विचारायचं, आणि ते कबूल केलेलं तू वहीत टिपून ठेवायचंस. माझ्या एका गटाच्या नवसांची यादी दोन पानं झाली होती. पुढची सगळी कथा त्या दोन पानांतूनच निघाली.

गाऱ्हाण्यात गुरव एकेक मागणं बोलतो आणि जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. टेबलावर हे करून बघ. शब्द तुझ्या जगातले घे, पण साद एकाने घालायची आणि प्रतिसाद सगळ्यांनी द्यायचा. बाकीचे पाच जण नुसते बघे राहत नाहीत. मृत्यूच्या देवाकडे मात्र कौल नको. त्याच्याकडे उत्तर वहीत लिहिलेलं सापडू दे, पुजाऱ्याच्याच अक्षरात, त्याने कधी लिहिलं ते त्याला आठवत नसताना. चार देव, विचारायच्या चार रीती.

एकाच देवाचे दोन पुजारी घ्यायची वेळ आली तर घाबरू नकोस, ती फार चांगली संधी आहे. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, इंदूरच्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहेच. आता जेजुरीचा विचार कर. देवळात पूजा करणारा गुरव आणि रात्रभर जागरण घालणारा, भंडारा उधळणारा, लंगर तोडणारा वाघ्या, दोघंही त्याच मल्हाराचे. एकाचा देव गाभाऱ्यात आहे, दुसऱ्याचा त्याच्याबरोबर दारोदार फिरतो. पंढरपुरातही विठ्ठलाची पूजा बडव्यांकडे आणि रुक्मिणीची उत्पातांकडे असे, आणि वारकरी मात्र पायी चालत येऊन कळसाला हात जोडूनही समाधानी. देवळावर हक्क कुणाचा हा वाद तिथे कित्येक दशकं कोर्टात चालला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे हक्क संपवले. तुझ्या जगातल्या पंथांतही असा हक्काचा वाद असू दे: दानपेटी कुणाची, पहिली पूजा कुणाची, बाहेरून आलेल्या भक्ताला गाभाऱ्यात सोडायचं की नाही. देवा-देवांच्या लढाईपेक्षा हे भांडण टेबलावर जास्त रंगतं, कारण दोन्ही बाजूंचं प्रेम खरं असतं.

एक काळजी घे, आणि ही मला मनापासून महत्त्वाची वाटते. मी वर इतक्या देवांची नावं घेतली, पण खेळात मी कधीही खऱ्या देवाचं नाव वापरत नाही. १९८०च्या देवदेवतांच्या अधिकृत पुस्तकात आपल्याकडच्या देवांनाही हिट पॉइंट, म्हणजे किती घाव बसले की मरायचं त्याचा आकडा, दिले होते. ज्या खोलीत आपण खेळतो त्याच्या शेजारच्या खोलीत कुणाची आजी त्याच देवापुढे निरांजन लावत असते. रीत घे, तिचा आतला अर्थ समजून घे, मग तुझ्या जगातली स्वतःची रीत रच. दुसरं असं की पोतराज, जोगतीण, मुरळी यांच्यामागे खऱ्या माणसांचं फार मोठं दुःख आहे. लहान मुलामुलींना देवाला सोडलं गेलं, त्यांचं शोषण झालं, त्याविरुद्ध चळवळी आणि कायदे करावे लागले. अंगावर आसूड ओढणारा पुजारी केवळ दिसायला जबरदस्त म्हणून टेबलावर आणू नकोस. आणायचाच असेल तर तो या वाटेवर कसा आला, त्याला ती सोडता येते का, हे प्रश्नही आण, आणि गटाला हा विषय झेपतो का ते आधी विचार.

येत्या रविवारसाठी एवढंच कर. दोन्ही खेळाडूंना घरून तीन गोष्टी लिहून आणायला सांग: उठल्यावर पहिलं काम, कधीच न करायची एक गोष्ट, आणि झोळीतली ती कात्री. पोहे-जिलबी होईपर्यंत त्यावर बोला, तोवर कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा कागद, कुणी उघडायची नाही. मग यादीला कात्री लावायला बस. आणि पहिल्या प्रसंगाची सुरुवात तू अशी कर: रात्र आहे, गट एका अनोळखी घरात उतरलाय, बाहेरून कुणीतरी काठी तीनदा आपटली. आत एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिचा नातू दाराला कडी लावतोय.